संत थॉमस मोर : भित्र्या मनाचा रक्तसाक्षी



विश्वास असलेल्या माणसाला भीती वाटत नाही, असे आपण अनेकदा समजतो. म्हणून तपासणीचा रिपोर्ट येण्याआधी छातीत धडधडू लागले किंवा कर्जाच्या हप्त्यांच्या विचाराने रात्रभर डोळा लागला नाही, की आपल्याला दुहेरी त्रास होतो. एक त्रास संकटाचा आणि दुसरा, आपला विश्वास कमी पडला या खंतीचा. अशा वेळी संत थॉमस मोर यांचे जीवन आपल्याला मोठा आधार देते. ते रक्तसाक्षी झाले. पण आपण शारीरिक वेदनांना फार घाबरतो, हे त्यांनी कधी लपवले नाही.

थॉमस मोर यांचा जन्म १४७८ साली लंडनमध्ये झाला. वडिलांप्रमाणे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. तरुणपणी सुमारे चार वर्षे ते कार्थुशियन मठवासीयांच्या सहवासात प्रार्थना करीत राहिले. मठात जावे की संसार करावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १५०५ साली त्यांनी जेन कोल्ट यांच्याशी विवाह केला. त्यांना तीन मुली व एक मुलगा झाला. १५११ मध्ये जेन वारल्या. लहान मुलांना आई हवी म्हणून त्यांनी लवकरच अ‍ॅलिस या विधवेशी विवाह केला. मुलींना शिकवण्याची फारशी रीत नसलेल्या त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना लॅटिन व ग्रीक शिकवले. थोरली मार्गारेट त्यांची विशेष लाडकी होती.

१५२९ साली राजा आठव्या हेन्रीने त्यांना लॉर्ड चॅन्सेलर हे राज्यातील अत्युच्च पद दिले. पण राजाला राणी कॅथरिनशी झालेला विवाह रद्द करून अ‍ॅन बोलीनशी लग्न करायचे होते. पोपमहोदय मान्यता देईनात, तेव्हा राजाने इंग्लंडमधील ख्रिस्तसभेवर स्वतःचा अधिकार सांगितला. मे १५३२ मध्ये धर्माधिकारी राजापुढे नमले आणि दुसऱ्याच दिवशी मोर यांनी पदाचा राजीनामा दिला. उत्पन्न घटले. मोठ्या घराचा खर्च कमी करावा लागला.

पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्यांना कळत होते. त्या दिवसांत पत्नीला वाटे की ते झोपले आहेत. पण ते अंथरुणात जागे राहून आपल्यावर काय काय ओढवू शकेल याचा हिशेब करीत असत. त्या विचाराने मन जड होई, हे त्यांनी नंतर तुरुंगातून मार्गारेटला कळवले. निर्णय बदलावा असे मात्र वाटले नाही, हेही त्यांनी लिहिले.

१३ एप्रिल १५३४ रोजी त्यांना राजाच्या नव्या कायद्यानुसार शपथ घेण्यासाठी बोलावणे आले. त्यांनी आधी पापनिवेदन केले व मिस्सा ऐकली. एरवी घरची माणसे त्यांना नदीपर्यंत पोहोचवायला येत. त्या दिवशी त्यांनी फाटक मागे ओढून घेतले आणि कोणालाही पुढे येऊ दिले नाही. घरच्यांचे चेहरे पाहून आपला निश्चय ढळेल, ही भीती त्यांना असावी असे आम्हाला वाटते. होडीत ते बराच वेळ उदास बसून होते. मग मनातली लढाई जिंकल्याबद्दल प्रभूचे आभार मानत ते जावयाच्या कानात बोलले. त्यांनी शपथ नाकारली आणि चार दिवसांनी त्यांची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली.

तेथे ते जवळजवळ पंधरा महिने होते. छातीचे दुखणे, मूतखडा आणि पायांत येणारे गोळे यांनी ते बेजार झाले. बाहेर अ‍ॅलिसबाईंना त्यांच्या कैदेच्या खर्चासाठी स्वतःचे कपडे विकावे लागले. लाडक्या मार्गारेटनेही शपथ घ्यावी म्हणून त्यांची मनधरणी केली. ही विनवणी त्यांना सर्वांत कठीण गेली. शपथ घेणाऱ्या कोणालाही त्यांनी दोष दिला नाही. फक्त आपला विवेक आपल्याला तसे करू देत नाही, एवढेच सांगितले.

मग या भित्र्या मनाला बळ कोठून आले? त्यांनी आपली भीती प्रार्थनेत नेली. वारा पाहून बुडू लागलेला संत पेत्र त्यांना आठवे. आपणही भीतीने बुडू लागलो, तर त्याच्यासारखीच प्रभूला हाक मारू, असे त्यांनी ठरवले होते. तुरुंगात त्यांनी येशूच्या गेथसेमनीतील दुःखावर एक पुस्तक लिहायला घेतले. त्यात त्यांनी विचारले, की प्रभू स्वतः इतका का घाबरला? काही रक्तसाक्षी आनंदाने मरणाला सामोरे गेले. पण सर्वांना तेवढे धैर्य नसते. दुबळ्यांनी निराश होऊ नये म्हणून प्रभूने त्यांची भीती स्वतः अनुभवली आणि तो त्यांच्या पुढे चालला, असे उत्तर त्यांना मिळाले. भीती वाटणे हे पाप नाही. भीतीपोटी देवाला सोडणे हे पाप. प्रभूच्या अटकेच्या प्रसंगापाशी ते लेखन थांबते. १२ जून १५३५ रोजी त्यांची पुस्तके व लेखनसाहित्य काढून नेण्यात आले. मोर यांच्या हातचे ते हस्तलिखित स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे आजही जपलेले आहे.

१ जुलै १५३५ रोजी त्यांना देहदंडाची शिक्षा झाली. ५ जुलैला कोळशाने लिहिलेले शेवटचे पत्र त्यांनी मार्गारेटला पाठवले. ६ जुलैला सकाळी वधस्तंभावर चढताना त्यांनी आधारासाठी हात मागितला व थट्टाही केली. गुडघे टेकून एक्कावन्नावे स्तोत्र म्हटले आणि शांतपणे मान पुढे केली. १९३५ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. बिशप संत जॉन फिशर यांच्यासोबत त्यांचा सण २२ जूनला साजरा होतो.

मोर यांची प्रार्थना संकट टाळू शकली नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. तुरुंगाचे दार उघडले नाही, राजाचे मन वळले नाही. परंतु काय करायचे, हे भीतीने ठरवले नाही. आपल्याही बाबतीत रिपोर्ट कदाचित हवा तसा येणार नाही, हप्ते चालूच राहतील. तरीही खोट्या कागदावर सही करायची की नाही, आजारी माणसाच्या उशाशी बसायचे की तोंड फिरवायचे, हे आपण भीतीवर सोपवू नये. या आठवड्यात दहा मिनिटे ख्रिस्तप्रसादासमोर बसून आपली भीती तिच्या नावानिशी प्रभूला सांगू या. गेथसेमनीत त्यानेही पित्यापुढे हेच केले होते.

संत थॉमस मोर, आम्हांसाठी विनंती कर.