आधी माप, मग उड्डाण

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की उल्हासकाठी भिवंडी तालुक्यातील कोन लागते. आषाढात आभाळ दाटले की नदीकाठच्या अशा गावांपुढे एकच प्रश्न असतो : पाणी किती चढणार? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर, तर त्याच मुंबईतील कुलाब्याला अवघा 74 मिलिमीटर पाऊस पडला. एवढा फरक ज्या हवेत घडतो, तिच्या तळच्या एक-दोन किलोमीटरांच्या थरातून हवामान खात्याचा फुगा काही मिनिटांत निसटून जातो, आणि तोही सहसा दिवसातून दोनदाच. ड्रोन त्याच जागी पुनःपुन्हा वर-खाली जाऊ शकतो. म्हणूनच त्याच्याकडे आता आशेने पाहिले जात आहे. अशा वेळी ॲना मणी यांचे चरित्र आठवणे अगत्याचे आहे.

त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे 1918 साली त्यांचा जन्म झाला. बंगळूरला सर चंद्रशेखर रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणके यांच्या वर्णपटांवर संशोधन केले, परंतु एम. एस्सी. नसल्याच्या कारणावरून त्यांना पीएच. डी. नाकारण्यात आली. त्याची खंत उगाळीत न बसता त्या लंडनला गेल्या, हवामानशास्त्रीय उपकरणांचे शिक्षण घेऊन 1948 साली परतल्या आणि पुण्याच्या हवामान कार्यालयात रुजू झाल्या.

त्या काळी साधा तापमापकही परदेशातून येत असे. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती येथेच घडविण्याचा पाया घातला. सौरप्रारणाच्या नोंदी घेणारी केंद्रे त्यांनी देशभर उभारली आणि फुग्यातून वर जाणारे ओझोनमापक यंत्रही भारतात तयार करविले. 1976 मध्ये निवृत्त झाल्यावरही वारा आणि ऊन मोजण्याचे त्यांचे व्रत सुटले नाही. 2001 मध्ये त्यांचे निधन झाले. चुकीचे माप घेण्यापेक्षा माप न घेतलेले बरे, ही त्यांची आयुष्यभराची निष्ठा होती.

ड्रोनच्या बाबतीत हीच कसोटी लावावयास हवी. पंख्यांचा झोत, मोटारीची ऊब आणि दुपारचे ऊन त्यावरील तापमापकाला सहज फसवू शकतात. मान्य उपकरणांशी वारंवार ताडून पाहिल्यावाचून अशा नोंदींवर अंदाज बांधणे म्हणजे अज्ञानाला आकड्यांचा साज चढविणे होय. ड्रोन विकत घेता येतील. परंतु त्यांची मापे तपासणारे चोख हात येथेच घडवावे लागतील. कोनच्या माणसाने इशारा ऐकून सामान माळ्यावर चढवावे, असे वाटत असेल, तर तो इशारा आधी विश्वासास पात्र ठरला पाहिजे.