रसायनाचार्य प्रफुल्लचंद्र राय

रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. होणारी मुले-मुली आपल्या ज्ञातीत आता थोडीथोडकी नाहीत. पदवीनंतर पुढे काय, असे त्यांचे पालक आम्हांस विचारतात. आणि मास्तरकी किंवा सरकारी नोकरी हे उत्तर बहुधा त्यांनी मनाशी आधीच ठरविलेले असते. म्हणून आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे चरित्र यंदा ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी बंगालमधील राडुली या गावी झाला. ते गाव आज बांगलादेशात आहे. शाळेत असताना आमांशाच्या दुखण्याने शिक्षणात खंड पडला व प्रकृती जन्मभर नाजूक राहिली. मूळ ओढा साहित्याकडे होता. परंतु कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पेडलरसाहेबांचे प्रयोग पाहून मन रसायनात रमले, आणि एका सहाध्यायाच्या बिऱ्हाडी त्यांनी छोटीशी प्रयोगशाळाच थाटली. १८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोस गेले व १८८७ साली डी. एस्सी. झाले.

एवढी विद्या संपादून १८८८ साली परतलेल्या या तरुणास जवळजवळ वर्षभर काम मिळाले नाही. शिक्षणखात्यातील वरच्या जागा गोऱ्यांच्या हाती होत्या. अखेर १८८९ साली दरमहा २५० रुपयांवर प्रेसिडेन्सीत साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली. दुसरा कोणी असता तर येथेच संतुष्ट झाला असता.

शिकलेले तरुण कारकुनी व वकिली यांखेरीज काही पाहत नाहीत, ही गोष्ट प्रफुल्लचंद्रांस सलत होती. १८९२ साली अवघ्या ७०० रुपयांच्या भांडवलावर भाड्याच्या घरात त्यांनी औषधांचा कारखाना काढला. तोच पुढे बेंगॉल केमिकल या नावाने प्रसिद्धीस आला. खाटकांकडून कच्ची हाडे आणून ती गच्चीवर वाळत घातली, तो कावळ्यांनी त्यांचे तुकडे शेजाऱ्यांच्या घरांत टाकावयास आरंभ केला! साहजिकच तक्रारी झाल्या व हाडे दूर न्यावी लागली. ती जाळून राख करावयाची, राखेवर गंधकाम्लाची क्रिया करावयाची व मग सोडा घालून सोडियम फॉस्फेट हे औषधी क्षार काढावयाचे, असा तो खटाटोप होता. पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकणारी ही क्रिया पोत्यांच्या मापाने करताना किती निराळी होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. देशी मालावर दुकानदारांचा विश्वास नव्हता. डॉ. अमूल्यचरण बोस यांनी आपल्या व्यवसायबंधूंकडून ती औषधे लिहवून घेतली. पण १८९८ साली प्लेगने त्यांस ओढून नेले. तरीही कारखाना टिकला व १९०१ साली त्याची मर्यादित कंपनी झाली.

पाऱ्याच्या नायट्राइटवरील त्यांचे संशोधन व हिंदू रसायनशास्त्राचा दोन खंडांतील इतिहास (१९०२ व १९०९) सुप्रसिद्धच आहेत. आम्हांस त्यांची शिष्यशाखा अधिक मोलाची वाटते. नीलरतन धर यांनी अलाहाबादेस राहून जमिनीच्या रसायनावर कार्य केले. ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेचे संचालक झाले, तर ज्ञानचंद्र घोष हे खरगपूरच्या तंत्रविद्या संस्थेचे पहिले संचालक. एम. ए. होऊन बेंगॉल केमिकलमध्ये शिरलेले राजशेखर बसू तर कारखाना सांभाळून बंगालीतील नामवंत विनोदी लेखकही बनले! शेती, शिक्षण, कारखाना, असे हे मार्ग एकाच विषयातून फुटले. आज त्यांत रंग, खते, अन्नतपासणी व औषधांची गुणपरीक्षा यांची भर पडली आहे. मात्र संशोधनाची इच्छा असणाऱ्याने एम. एस्सी. व त्यापुढील कष्टांची तयारी ठेवावी; नुसत्या बी. एस्सी.वर बहुधा उत्पादन व तपासणी या विभागांतच आरंभ करावा लागतो, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

१९१६ साली ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात गेले. साठ वर्षे पूर्ण होताच, १९२१ पासून, त्यांनी आपला पगार विद्यापीठासच देऊन टाकला व १९३६ पर्यंत शिकविले. ते अविवाहित होते. महाविद्यालयातील एका खोलीत विद्यार्थ्यांसह राहत. १६ जून १९४४ रोजी त्याच खोलीत त्यांचा अंत झाला.