विश्लेषण : हॉलिवूडचा सुपरस्टार टोपणनावाने धुळीत का उतरायचा? स्टीव्ह मॅक्वीन आणि मोटोक्रॉसचे सुरुवातीचे दिवस

मोटोक्रॉस किंवा सुपरक्रॉस म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ते स्टेडियम, प्रकाशझोत, प्रायोजकांच्या नावांनी भरलेल्या जर्सी आणि मातीच्या उंचवट्यांवरून हवेत झेपावणाऱ्या बाइक. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची शर्यत झाली, तेव्हा पुणेकरांनीही हेच चित्र पाहिले. पण हा खेळ अमेरिकेत रुजत होता तेव्हा ना स्टेडियम होते, ना मोठी बक्षिसे. शनिवारी रात्री गाडी स्वतःच खोलायची, रविवारी सकाळी ती पिकअपमध्ये टाकून माळरान गाठायचे, असा सगळा मामला होता. त्या गर्दीत प्लंबर, मेकॅनिक, कॉलेजची पोरे असत आणि कधी कधी हॉलिवूडचा सर्वात मोठा ॲक्शन हीरोही असे. त्याचे नाव स्टीव्ह मॅक्वीन. या खेळाच्या जुन्या दिवसांची आठवण निघाली की त्याचे नाव आजही हमखास निघते. ते का, याचा हा आढावा.

स्टीव्ह मॅक्वीन कोण होता?

पूर्ण नाव टेरेन्स स्टीव्हन मॅक्वीन. जन्म २४ मार्च १९३०, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील बीच ग्रोव्ह येथे. वडील विमानाच्या कसरती करणारे वैमानिक. मुलगा काही महिन्यांचा असतानाच ते घर सोडून गेले. आईलाही त्याला सांभाळणे जमले नाही. त्यामुळे त्याचे बालपण मिसुरी राज्यातील स्लेटर या गावी आजी-आजोबा आणि आईच्या मामांच्या शेतावर गेले. त्याला डिस्लेक्सिया होता आणि कानाच्या संसर्गामुळे ऐकूही कमी येत असे. शाळेत त्याचे मन रमले नाही. आईकडे परतल्यावर सावत्र वडिलांशी पटेना. किशोरवयात छोट्या-मोठ्या चोऱ्यांमुळे त्याची रवानगी कॅलिफोर्नियातील चिनो येथील बॉईज रिपब्लिक या सुधारगृहात झाली. पुढे नाव झाल्यावरही तो या संस्थेला विसरला नाही. तिथल्या मुलांना भेटायला तो जात राहिला.

१९४७ ते १९५० अशी तीन वर्षे तो अमेरिकेच्या मरीन दलात होता. बाहेर पडल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षणाच्या सवलतीतून त्याने न्यूयॉर्कमध्ये अभिनयाचे धडे घेतले. १९५८ मध्ये 'वाँटेड डेड ऑर अलाइव्ह' या मालिकेने तो घराघरांत पोहोचला आणि १९६०च्या 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ने त्याला चित्रपटांत स्थान मिळवून दिले.

मोटरसायकलचे वेड कुठून आले?

ही आवड नट होण्याच्या आधीची, किंवा फार तर सोबतची. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना तो शनिवार-रविवारी लाँग आयलंड सिटीच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरून बक्षिसाचे थोडेफार पैसे मिळवत असे. हॉलिवूडला आल्यावर त्याची गाठ बड एकिन्सशी पडली. एकिन्सचे लॉस एंजेलिस परिसरात ट्रायम्फ मोटरसायकलींचे दुकान होते आणि वाळवंटातील शर्यतींत त्याचा दबदबा होता. रस्त्यावर गाडी पळवणे वेगळे आणि वाळू, दगड, ओढे यांतून ती काढणे वेगळे. हे दुसरे तंत्र मॅक्वीन एकिन्सकडून शिकला.

'द ग्रेट एस्केप'मधली ती उडी त्याचीच का?

नाही. १९६३च्या या चित्रपटातील काटेरी तारांच्या कुंपणावरून मारलेली मोटरसायकलची उडी आजही जगभर ओळखली जाते, पण ती बड एकिन्सने मारलेली आहे. मुख्य नटाने इतका धोका पत्करावा हे निर्मात्यांना आणि विमा कंपनीला परवडणारे नव्हते. पाठलागाचा बराचसा भाग मात्र मॅक्वीनने स्वतः चालवला. गंमत म्हणजे त्याच्या मागे लागलेल्या जर्मन सैनिकांच्या भूमिकेतही काही ठिकाणी तोच बाइकवर आहे. संकलनाच्या करामतीमुळे पडद्यावर मॅक्वीनच मॅक्वीनचा पाठलाग करतो. चित्रपटात ती गाडी जर्मन सैन्याची म्हणून दाखवली असली, तरी प्रत्यक्षात ती रंग बदललेली ब्रिटिश ट्रायम्फ टीआर६ होती.

पूर्व जर्मनीत काय झाले?

हा फक्त पडद्यावरचा शौक नव्हता, हे १९६४ मध्ये दिसले. त्या वर्षी 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' ही स्पर्धा पूर्व जर्मनीतील एरफुर्ट येथे झाली. सहा दिवस, रोज शेकडो किलोमीटर, जंगल आणि डोंगरातली वाट, ठरलेली वेळ आणि गाडी बिघडली तर दुरुस्ती स्वाराने स्वतःच करायची, असे तिचे स्वरूप. अमेरिकेच्या संघात बड एकिन्स, त्याचा भाऊ डेव्ह, क्लिफ कोलमन आणि जॉन स्टीन यांच्यासोबत मॅक्वीन होता. शीतयुद्ध ऐन भरात असताना पोलादी पडद्याआडच्या देशात उद्घाटनाच्या संचलनात अमेरिकेचा झेंडा त्याच्या हातात होता. तिसऱ्या दिवशी अपघात होऊन तो स्पर्धेबाहेर गेला. बड एकिन्सलाही पायाच्या दुखापतीने माघार घ्यावी लागली. पदक मिळाले नाही, पण हा नट हौसेखातर आलेला नाही, हे सगळ्यांना कळून चुकले.

मोटोक्रॉस अमेरिकेत कसे आले?

मोटोक्रॉस हा मुळात युरोपचा खेळ. ब्रिटनमध्ये १९२०च्या दशकात 'स्क्रॅम्बल' नावाने त्याची सुरुवात झाली. मोटरसायकल आणि क्रॉस-कंट्री या दोन शब्दांच्या जोडीतून पुढे मोटोक्रॉस हे नाव रूढ झाले. नैसर्गिक चढ-उतार, वळणे आणि चिखल असलेल्या बंदिस्त मार्गावर सगळ्यांनी एकाच वेळी सुटायचे आणि ठरलेल्या फेऱ्या मारायच्या. १९५७ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. बेल्जियम, स्वीडन, ब्रिटन येथे या शर्यतींना हजारो प्रेक्षक जमत होते. अमेरिकेत मात्र तेव्हा लंबगोल मातीच्या ट्रॅकवरच्या आणि वाळवंटातल्या शर्यतींचे राज्य होते.

हे चित्र बदलले ते एडिसन डाय या आयातदारामुळे. स्वीडनच्या हस्कवार्ना गाड्या अमेरिकेत विकायच्या, तर त्या काय करू शकतात हे लोकांना दाखवायला हवे, असे त्याचे साधे गणित होते. त्याने १९६६ मध्ये स्वीडिश विश्वविजेता टॉर्स्टन हॉलमन याला अमेरिकेत आणले. हॉलमनने स्थानिक स्वारांना सहज मागे टाकले. पुढच्या वर्षीपासून डायने युरोपीय स्वारांच्या शर्यतींची मालिकाच भरवायला सुरुवात केली.

हस्कवार्नात वेगळे काय होते?

फरक इंजिन आणि वजनाचा होता. तेव्हाच्या ब्रिटिश गाड्यांत मोठे फोर-स्ट्रोक इंजिन असे. ६५० सीसी ट्रायम्फचे वजन दीडशे किलोच्या वर जाई. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा शक्ती मिळते, तर टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. शिवाय व्हॉल्व्ह, कॅम असे भाग नसल्याने इंजिन छोटे, हलके आणि उघडायला सोपे. हस्कवार्ना ४०० क्रॉसचे वजन शंभर किलोच्या आसपास होते. उडी मारून जमिनीवर आदळताना किंवा चिखलातून गाडी उचलताना हे पन्नास-साठ किलो फार मोठे ठरतात. मॅक्वीननेही ट्रायम्फवरून या लाल रंगाच्या, चकाकत्या टाकीच्या गाडीकडे मोर्चा वळवला.

मग टोपणनाव कशासाठी?

मॅक्वीन अनेकदा 'हार्वी मशमन' या नावाने शर्यतीत नाव नोंदवत असे. खरे नाव यादीत दिसले की बघ्यांची झुंबड उडे. त्यातच चित्रीकरण सुरू असताना नटाने शर्यतीत हात-पाय मोडून घेणे निर्मात्यांना मान्य होणारे नव्हते. त्यांची भीती खोटी नव्हती. मार्च १९७० मध्ये फ्लोरिडातील सीब्रिंगच्या १२ तासांच्या कार शर्यतीआधी काहीच दिवस एका मोटरसायकल शर्यतीत त्याचा डावा पाय मोडला. त्याने प्लास्टर घातलेल्या पायानेच क्लच दाबत पोर्शे ९०८ चालवली. जोडीदार पीटर रेव्हसनने गाडीचा मोठा भार उचलला आणि दोघे फेरारीपाठोपाठ दुसरे आले. फरक अर्ध्या मिनिटाहून कमी होता.

टोपणनावामागे आणखी एक गोष्ट दिसते. सुटण्याच्या रेषेवर कोणी नायक नसतो. झेंडा पडला की शेजारचा मेकॅनिक नटाला वाट देत नाही. ज्याला लहानपणी हक्काचे घर मिळाले नाही आणि मोठेपणी साधी वागणूक मिळेनाशी झाली, त्याला ही बरोबरी हवीशी वाटली असेल, तर नवल नाही.

'ऑन एनी संडे'ने काय साधले?

त्या काळी अमेरिकेत मोटरसायकलवाला म्हणजे टोळीतला गुंड, अशी प्रतिमा होती आणि ती पक्की करण्यात हॉलिवूडचाच हात होता. १९७१ मध्ये आलेल्या 'ऑन एनी संडे' या माहितीपटाने तिला धक्का दिला. दिग्दर्शक ब्रूस ब्राऊनने आधी सर्फिंगवर 'द एंडलेस समर' केला होता. आता त्याला मोटरसायकलवर चित्रपट करायचा होता, पण पैसे नव्हते. मॅक्वीनच्या सोलार प्रॉडक्शन्सने भांडवल पुरवले. ब्राऊन पुढे सांगत असे त्यानुसार, पैसे मागितल्यावर मॅक्वीनने आधी नकार दिला होता. तसे असेल तर तुला चित्रपटात घेता येणार नाही, अशी कोपरखळी ब्राऊनने मारली आणि चक्रे फिरली.

चित्रपटात व्यावसायिक शर्यतपटू मर्ट लॉविल, वाळवंटाचा राजा माल्कम स्मिथ आणि मॅक्वीन असे तिघे आहेत. कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोर या गावाच्या रस्त्यांवरून आणि आजूबाजूच्या माळावरून धावणारी शर्यतही त्यात आहे. शेकडो स्वारांच्या धुळीत मॅक्वीन त्यांच्यातलाच एक होऊन जातो. शेवटी तिघे मित्र समुद्रकिनारी निव्वळ मजेसाठी बाइक पळवतात. तो किनारा मरीन दलाच्या कॅम्प पेंडल्टन तळाचा होता आणि तिथली परवानगी मिळाली ती माजी मरीन मॅक्वीनमुळे. माहितीपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्याच ऑगस्टमध्ये हस्कवार्नावरचा मॅक्वीन 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर झळकला.

त्यानंतर खेळ कसा बदलला?

वेगाने. १९७२ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी ८ जुलैला लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये माती टाकून कृत्रिम ट्रॅक उभारला गेला. ती शर्यत जिंकली १६ वर्षांच्या मार्टी ट्रिप्सने. आजच्या सुपरक्रॉसचे मूळ तिथे आहे. १९७३ मध्ये होंडाने पहिली खास मोटोक्रॉसची टू-स्ट्रोक गाडी, सीआर२५०एम, बाजारात आणली आणि तिला नाव दिले एल्सिनोर. जपानमधील तिच्या जाहिरातीत मॅक्वीन होता.

कारखान्यांचे संघ आले, पगार आले, जपानी कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. गाड्या सुधारल्या, सुरक्षा वाढली, स्वारांना पोट भरता येऊ लागले. हे सगळे चांगलेच झाले. मात्र शुक्रवारी कामावरून सुटून रविवारी विश्वविजेत्याच्या शेजारी उभे राहण्याची सोय संपली. जुन्या प्रेक्षकांना हळहळ वाटते ती नेमकी याची. त्या काळाची आठवण म्हणून मॅक्वीनचे नाव निघते, कारण तो त्या मोकळ्या दाराने आत आलेला सर्वात प्रसिद्ध माणूस होता.

अखेर कशी झाली?

'द टॉवरिंग इन्फर्नो' (१९७४) नंतर जगातील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांमध्ये गणना होत असताना मॅक्वीन चित्रपटांपासून जवळपास दूर झाला. जुन्या मोटरसायकली, विशेषतः इंडियन कंपनीच्या गाड्या, तो जमवत राहिला. डिसेंबर १९७९ मध्ये त्याला मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. हा आजार प्रामुख्याने ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होतो आणि अनेकदा कित्येक दशकांनी उघड होतो. मरीन दलात असताना जहाजाच्या पाइपांवरचे ॲस्बेस्टॉसचे आवरण काढण्याचे काम त्याने केले होते. शर्यतीतल्या आगीपासून वाचवणाऱ्या त्या काळच्या पोशाखातही ॲस्बेस्टॉस वापरले जाई. जीव वाचवण्यासाठी अंगावर चढवलेल्या कपड्यानेही घात केला असावा, अशी शक्यता त्यामुळे बोलली जाते.

अमेरिकेतील डॉक्टरांनी आशा सोडल्यावर तो मेक्सिकोत गेला. तिथे त्याने वैद्यकशास्त्राने न मानलेले उपचार घेतले. त्यांचा उपयोग झाला नाही. सीमेवरील सिउदाद हुआरेझ येथे गाठी काढण्याची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातही त्याने टोपणनावच लावले होते. शस्त्रक्रियेनंतर काही तासांत, ७ नोव्हेंबर १९८० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ५० वर्षांचा होता.

आज काय उरले आहे?

१९८४ मध्ये लास व्हेगासला त्याच्या मोटरसायकलींचा लिलाव झाला. त्याच्या नावावरच्या हस्कवार्नाला आता लिलावात एक लाख डॉलरहून अधिक किंमत येते. १९९९ मध्ये अमेरिकन मोटरसायकल संघटनेच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. महाराष्ट्राशी एक धागा मात्र अनपेक्षित आहे. मॅक्वीनने आयुष्यभर ज्या दोन नावांवर जीव टाकला, त्या ट्रायम्फ आणि हस्कवार्ना या दोन्ही ब्रँडच्या काही गाड्या आज पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. त्या गाड्या घेऊन रविवारी पहाटे घाटाकडे निघणाऱ्या अनेकांना हार्वी मशमन हे नाव ठाऊकही नसेल. आठवडाभर काम करून एक सकाळ गाडीला द्यायची, हे त्याचे वेळापत्रक मात्र ते न ठरवता पाळत आहेत.