दुकानाच्या काचेतील ऑस्कर



परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा असते, कोण पुढे गेले आणि कोण मागे राहिले. अशा वेळी मला अमेरिकेचे प्रसिद्ध अभिनेते जेम्स स्टुअर्ट यांची आठवण होते.

त्यांचा जन्म 20 मे 1908 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील इंडियाना या लहान गावी झाला. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. 1932 साली जेम्स प्रिन्स्टन विद्यापीठातून वास्तुशास्त्राचे पदवीधर झाले. तो महामंदीचा काळ होता. ते नाटकांकडे वळले आणि 1935 मध्ये हॉलिवूडला गेले. उंच, सडपातळ, अडखळत बोलणारा हा तरुण लोकांना आपल्याच घरातला वाटला. 1940 च्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी त्यांना ऑस्कर मिळाले. वडिलांनी ते गावी मागवून घेतले आणि दुकानाच्या काचेत मांडले.

ते कीर्तीच्या शिखरावर होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, पण अमेरिका अजून त्यात उतरली नव्हती. सैन्याने वजन कमी म्हणून प्रथम त्यांना नाकारले. त्यांनी वजन वाढवले आणि मार्च 1941 मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. विमान चालवणे ते आधीच शिकलेले होते. पुढे इंग्लंडमधील तळावरून बॉम्बफेकी विमानांच्या 20 मोहिमांत त्यांनी भाग घेतला. चार वर्षांत ते कर्नल झाले. परत आल्यावर मात्र आपल्या युद्धकामगिरीचा उपयोग चित्रपटांच्या जाहिरातीत होऊ नये, असा त्यांचा आग्रह राहिला.

युद्धानंतरचा त्यांचा पहिला चित्रपट ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ 1946 मध्ये आला. आपले आयुष्य वाया गेले असे समजणाऱ्या एका सामान्य माणसाची ती कथा आहे. आपण जन्मलोच नसतो तर गावाचे किती नुकसान झाले असते, हे त्याला दिसते. चित्रपटाचा खर्चही निघाला नाही. पण 1974 नंतर त्याचा स्वामित्वहक्क संपल्यामुळे दूरदर्शन वाहिन्या तो दर नाताळात दाखवू लागल्या, आणि अपयशी ठरलेला तोच चित्रपट घराघरांत प्रिय झाला.

दुःख त्यांनाही चुकले नाही. 1969 मध्ये त्यांचा सावत्र मुलगा व्हिएतनाम युद्धात मारला गेला. 2 जुलै 1997 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी, स्टुअर्ट यांचे निधन झाले.

मुलांनो, दुकानाच्या काचेत मांडलेले बक्षीस सर्वांना दिसत होते. ज्या चित्रपटासाठी लोक त्यांना आज सर्वांत जास्त आठवतात, तो मात्र पहिल्या निकालात नापासच झाला होता. पालकांनाही माझी नम्र विनंती आहे, मुलाच्या हातातील गुणपत्रिका अवश्य पाहा, पण तिला शेवटचा निकाल समजू नका.