रुग्गेरो ओद्दी

रुग्गेरो ओद्दी (२० जुलै, १८६४:पेरुजा, इटली - २२ मार्च, १९१३:ट्युनिस, ट्युनिसिया) हे इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. पित्तनलिका लहान आतड्यात जेथे उघडते, तेथील वर्तुळाकार स्नायू त्यांच्या नावावरून ओद्दीचा परिसंकोची स्नायू म्हणून ओळखला जातो. पित्तनलिकेतील खडे दुर्बिणीद्वारे काढताना बहुधा याच स्नायूला छेद द्यावा लागतो.

शिक्षण

ओद्दी यांचा जन्म मध्य इटलीतील पेरुजा येथे झाला. पेरुजा, बोलोन्या आणि फ्लॉरेन्स येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले व १८८९ मध्ये पदवी संपादन केली. ज्या संशोधनामुळे ते प्रसिद्धीस आले, ते मात्र त्याआधीच, १८८७ मध्ये, विद्यार्थिदशेत प्रकाशित झाले होते.

संशोधन

यकृतात पित्त सतत तयार होत असते. परंतु आतड्यात ते मुख्यतः अन्न आल्यावर उतरते. मधल्या काळात ते पित्ताशयात साठते. हा प्रवाह कशामुळे थांबतो, हा प्रश्न होता. नलिकेच्या टोकाशी वलयाकार तंतू असल्याचे इंग्रज वैद्य फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५४ मध्येच नोंदवले होते. तथापि त्यांचे कार्य प्रयोगाने सिद्ध झालेले नव्हते.

पित्ताशय काढून टाकलेल्या कुत्र्यांमध्ये पित्तनलिका कालांतराने रुंदावते, असे ओद्दी यांना आढळले. नलिकेच्या तोंडाशी अडथळा असल्याशिवाय असे होणार नाही, असा तर्क त्यांनी केला. माणूस व इतर प्राण्यांच्या ऊतींची तपासणी करून त्यांनी तेथील स्नायूंचे वलय दाखवून दिले, तसेच त्याचा रोध दाबाच्या स्वरूपात मोजला. रचना आणि कार्य यांची अशी सांगड घातल्यामुळे, प्रथम निरीक्षण ग्लिसन यांचे असूनही, स्नायूला ओद्दी यांचे नाव मिळाले. पुढे त्यांनी या स्नायूवरील चेतासंस्थेच्या नियंत्रणाचाही अभ्यास केला.

उत्तरायुष्य

१८९४ मध्ये, वयाच्या तिशीच्या सुमारास, ओद्दी जिनोव्हा विद्यापीठातील शरीरक्रियाविज्ञान संस्थेचे प्रमुख झाले. ही कारकीर्द फार काळ टिकली नाही. अमली पदार्थांचे व्यसन आणि आर्थिक गैरव्यवहार यांमुळे १९०० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर बेल्जियमच्या वसाहती सेवेत डॉक्टर म्हणून ते काँगोला गेले. मात्र प्रकृती ढासळल्याने त्यांना परतावे लागले. विद्यापीठीय संशोधनात त्यांना पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही. १९१३ मध्ये ट्युनिस येथे वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

ओद्दी यांच्या हयातीत पित्तनलिकेतील खडा काढण्यासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करणे हाच मार्ग होता. १९६८ मध्ये अमेरिकन शल्यविशारद विल्यम मॅक्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे आतड्यात दुर्बीण नेऊन नलिकेच्या तोंडातून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य आत सोडले आणि नलिकेची प्रतिमा मिळवली. ही तपासणी पुढे ईआरसीपी या नावाने रूढ झाली. १९७४ मध्ये जर्मनीत माइनहार्ड क्लासेन व लुडविग डेमलिंग यांनी, तर जपानमध्ये केइइची कावाई व सहकाऱ्यांनी, दुर्बिणीतून नेलेल्या विद्युततारेने हा स्नायू छेदण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे खडे आतड्यात ओढून घेणे, तसेच अरुंद झालेल्या नलिकेत स्टेंट बसवणे सुलभ झाले.

या उपचारात स्वादुपिंडाचा दाह, रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडणे असे धोके संभवतात. स्वादुपिंडाची मुख्य नलिकाही बहुतेकांमध्ये याच ठिकाणी उघडते, हे पहिल्या धोक्याचे एक कारण होय. म्हणून केवळ निदानासाठी आता एमआरसीपी किंवा अंतर्दर्शी सोनोग्राफी यांना प्राधान्य दिले जाते, तर ईआरसीपी मुख्यतः उपचारासाठी वापरली जाते. या स्नायूचा दाब मोजण्याची दुर्बिणीतील चाचणीही विकसित झाली. तिचे मूळ ओद्दी यांच्या विद्यार्थिदशेतील प्रयोगांत आहे.