परांचीवर चढणारी बाई

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ घरी आला तो कागदांची फाइल घेऊनच. त्याची मुलगी आर्किटेक्ट आहे. पाच वर्षांची पदवी घेऊन ती दीड वर्ष एका कचेरीत काम करते आहे आणि आता तिला पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. भावाचा सवाल सरळ होता. पदवी झाली, कौन्सिलकडे नोंदणी झाली, दारावर स्वतःची पाटी लावायचा हक्क मिळाला. मग आणखी दोन वर्षे आणि आणखी काही लाख कशासाठी? मी जन्मभर बँकेत कर्जाची प्रकरणे पाहिली, तेव्हा हा हिशेब मीच मांडून द्यावा, असे त्याचे म्हणणे. पुतणी समोरच बसली होती. ती काही बोलली नाही.

मी कागद पुढे ओढला खरा, पण आकडे लिहायच्या आधी मला एक अमेरिकन बाई आठवली.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो, तेव्हा सॅन सिमिऑनच्या डोंगरावरचा महाल पाहिला. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाने तो बांधवून घेतला. लोक तिथले संगमरवरी तलाव आणि युरोपातून आणलेली कोरीव छते माना वर करून पाहत होते. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हा सगळा पसारा उभा करणारी आर्किटेक्ट होती जेमतेम पाच फूट उंचीची, गोल चष्म्याची एक अविवाहित बाई. नाव ज्युलिया मॉर्गन. परत आल्यावर तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

ज्युलियाचा जन्म २० जानेवारी १८७२चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वाढली शेजारच्या ओकलंडमध्ये. बर्कलीच्या विद्यापीठातून १८९४ साली तिने स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. वर्गात मुलगी म्हणून ती एकटीच. पदवीनंतर काही काळ तिने प्रत्यक्ष बांधकामावर काम केले. तुळई किती भार घेईल हे तिला काढता येत होते, पण एखादी इमारत मुळात कशी कल्पावी, माणसाला दारातून आत कसे न्यावे, हे अभियांत्रिकीने शिकवले नव्हते. बर्नार्ड मेबेक हे तिचे शिक्षक स्वतः पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेत शिकलेले होते. त्या काळी आर्किटेक्चरच्या शिक्षणाची ती काशीच होती. तिथे जा, असा सल्ला त्यांनी दिला आणि १८९६ साली ज्युलिया पॅरिसला पोहोचली.

अडचण एवढीच, की त्या संस्थेत मुलींना प्रवेश नव्हता. ती परत फिरली नाही. एका आर्किटेक्टच्या कार्यशाळेत काम करत, फ्रेंच पक्के करत ती थांबून राहिली. फ्रान्समधल्या स्त्री-चित्रकारांनी रेटा लावला होता. त्यापुढे नमून संस्थेने १८९७ साली स्त्रियांना दार किलकिले केले. ज्युलिया प्रवेशपरीक्षेला बसली. पहिल्या तीस जणांना घेत; तिचा क्रमांक आला बेचाळिसावा. दुसऱ्यांदा बसली. त्या वेळी मुलगी म्हणून तिचे गुण कापले गेले, असे सांगतात. १८९८ साली तिसऱ्यांदा बसली आणि तेरावी आली. आर्किटेक्चरच्या विभागात प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री.

तिथली शिकवण्याची तऱ्हा आजच्या मुलांना सांगण्यासारखी आहे. विषय हाती पडला, की विद्यार्थ्याला एका कोंदट खोलीत एकट्याने बसवत. बारा तासांत त्याने आपल्या कल्पनेचे कच्चे रेखाटन करून द्यायचे. मग कित्येक आठवडे त्याचेच पक्के नकाशे करायचे, पण मूळ कल्पना सोडायची नाही. सोडली तर काम बाद. विचार आधी पक्का करा आणि मग त्याला चिकटून राहा, असा तो धडा होता. शेवटच्या दिवशी हातगाडी येई आणि तिच्यावर नकाशे चढवले जात. काही बहाद्दर तर गाडीबरोबर चालता चालता शेवटच्या रेघा ओढत. त्या गाडीला फ्रेंचमध्ये शारेत म्हणतात, आणि मुदतीच्या तोंडावरच्या धावपळीला आर्किटेक्ट लोक अजूनही तोच शब्द वापरतात.

वयाच्या तिशीपर्यंतच तिथे शिकता येई. ज्युलिया घड्याळाशी झुंजत होती. हर्स्टची आई, फीबी हर्स्ट, तेव्हा पॅरिसमध्ये होती. तिने पैशाची मदत देऊ केली, ती ज्युलियाने विनयाने नाकारली. १९०२च्या सुरुवातीला, तिशीच्या उंबरठ्यावर, तिच्या हाती प्रमाणपत्र पडले.

एवढे झाल्यावर तरी पाटी लावावी? नाही. ती परतली आणि बर्कलीत जॉन गॅलन हॉवर्ड या आर्किटेक्टच्या हाताखाली उमेदवारी करू लागली. विद्यापीठाच्या इमारतींची कामे चालू होती. इतकी गुणी सहायक मिळूनही ती बाई असल्याने पगार जवळजवळ द्यावाच लागत नाही, असे हा गृहस्थ मोठ्या खुशीत सांगे, म्हणतात. ज्युलियाने ते ऐकले आणि गुपचूप पैसे साठवत राहिली. १९०४ साली तिला आर्किटेक्टचा परवाना मिळाला, कॅलिफोर्नियात एका स्त्रीला मिळालेला पहिला. मग तिने स्वतःची कचेरी थाटली.

त्याच साली ओकलंडच्या मिल्स कॉलेजात तिने घंटेचा मनोरा बांधला, लोखंडी गजांच्या काँक्रीटचा. ते तंत्र तेव्हा नवे होते आणि पुष्कळांना त्याचा भरवसा नव्हता. १८ एप्रिल १९०६च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरले आणि नंतरच्या आगीत शहर जळाले. ज्युलियाची कचेरीही गेली. मनोरा मात्र जागचा हलला नाही. मग डबघाईला आलेले फेअरमाँट हॉटेल सावरण्याचे काम तिच्याकडे चालत आले आणि वर्षभरात ते हॉटेल सुरू झाले. बर्कलीचे गणित, पॅरिसचे रेखाटन आणि उमेदवारीतला बांधकामाचा अनुभव, तिन्ही तिथे एकत्र कामाला आले.

पुढची कारकीर्द मोठी आहे, थोडक्यात सांगतो. सातशेच्या वर इमारती. १९१९ ते १९४७ हर्स्टचा महाल. आठवडाभर कचेरी सांभाळून शनिवार-रविवारी रात्रीच्या रेल्वेने ती तिथे जाई. घागऱ्याखाली विजार घालून परांचीवर चढे आणि एखादे काम मनासारखे नसले, तर काढायला लावी. कचेरीत पुस्तकांचा संग्रह सर्वांना खुला असे. नव्या मुलींना ती हाताशी धरून शिकवी आणि नफा कर्मचाऱ्यांत वाटून टाकी. १९५१ साली कचेरी बंद केली, १९५७ साली गेली. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेने तिला सुवर्णपदक दिले ते २०१४ साली, मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

ही गोष्ट मला नुसती आठवली नाही, ती टोचली. १९९२ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. एक तरुण मुलगी कर्ज मागायला आली. मुंबईची पदवी, मोठ्या आर्किटेक्टकडे दोन वर्षांची उमेदवारी, हातात तीन घरांची कामे. ड्रॉइंग बोर्ड आणि नकाशांच्या प्रती काढायचे यंत्र घ्यायला चाळीस हजार हवे होते. मी तिला वडिलांना जामीन म्हणून आणायला सांगितले आणि वर लग्नाचे कुठवर आले, असेही विचारले. हे विचारावे, असे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नव्हते. तिने नकाशांची गुंडाळी बरोबर आणली होती. मी ती उघडायलाही सांगितली नाही. गुंडाळीला पुन्हा रबर लावून ती निघून गेली, ती परत आली नाही. त्याच आठवड्यात मी एका कंत्राटदाराचे ट्रकचे कर्ज मंजूर केले होते. त्याला लग्नाचे विचारले नव्हते.

म्हणून भावाचा हिशेब मी बाजूला ठेवला आणि पुतणीला विचारले, की दीड वर्षात तुला काय येत नाही असे कळले? ती एकदम बोलू लागली. कचेरीकडे एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचे काम आले होते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि दोन पावसाळ्यांत भिंत आतून ओल धरून फुगू लागली. चुना कसा कालवायचा, कुजलेल्या खांबाला जोड कसा द्यायचा, हे कचेरीत कोणालाच येत नव्हते. तिला जुन्या वास्तूंच्या जतनाचा अभ्यास करायचा होता. ज्युलियाही आपल्याला नेमके काय येत नाही हे कळल्यावरच पॅरिसला गेली होती. असे कळलेल्या माणसाची दोन वर्षे फुकट जात नाहीत, एवढे मी भावाला सांगू शकलो.

मग मी तिला नकाशे आणायला सांगितले. जेवणाच्या टेबलावर ते अंथरले, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. भाऊ चष्मा लावून वाकला आणि वाड्याच्या चौकावर बोट ठेवून प्रश्न विचारू लागला. तासभराने त्याने फाइल माझ्यापुढे सरकवली. कर्जाच्या अर्जात जामीनदाराचा रकाना रिकामा होता. तिथे मी माझे नाव लिहिले.