शहीद तितुमीर : दाढीपट्टीपासून बांबूच्या किल्ल्यापर्यंत

घरपट्टी, पाणीपट्टी आपण सगळेच भरतो. पण दाढीवर पट्टी? बंगालमध्ये अशी पट्टी खरोखर लावली गेली होती, माणशी अडीच रुपये. त्यातून जो लढा उभा राहिला, त्याचे नेते म्हणजे शहीद तितुमीर. बांगलादेशात त्यांचं नाव शाळकरी मुलांनाही माहीत आहे, ढाक्यात त्यांच्या नावाचं सरकारी कॉलेज आहे. आपल्या घरांत मात्र हे नाव क्वचितच निघतं, म्हणून आज त्यांची आठवण काढू या.

त्यांचं खरं नाव सय्यद मीर निसार अली. जन्म १७८२ चा, आजच्या पश्चिम बंगालमधल्या उत्तर चोवीस परगणा भागातला. अंगाने मजबूत, कुस्तीचा नाद. तरुणपणी जमीनदाराकडे लाठीवाला म्हणून राहिले, मारामारीत तुरुंगातही गेले. पुढे हजला गेले, तिथे सय्यद अहमद बरेलवी यांची भेट झाली आणि आयुष्याला वेगळीच दिशा मिळाली. १८२७ च्या सुमारास परतले आणि गावोगाव दीनची शिकवण देऊ लागले. ऐकणारे बहुतेक गरीब शेतकरी आणि विणकर होते.

या गरिबांची मुख्य अडचण वसुलीची होती. १७९३ च्या कायमधारा पद्धतीत जमीनदाराने कंपनी सरकारला ठरलेला सारा भरायचा. रयतेकडून किती उकळतो, हे कोण बघणार? साऱ्यावर निरनिराळ्या बेकायदा पट्ट्या चढायच्या. त्यातच कृष्णदेव राय या जमीनदाराने तितुमीरच्या अनुयायांवर दाढीपट्टी बसवली. काहींनी भरली, पण सर्फराजपूरच्या लोकांनी नकार दिला. त्यावरून झालेल्या हल्ल्यात तिथली मशीद जळाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे लोक लगेच हत्यार घेऊन उठले नाहीत. आधी फिर्याद केली, पण ती निकालात निघाली. अपील घेऊन कलकत्त्यापर्यंत गेले, तिथूनही हात हलवत परतले. मग लोकांना कळून चुकलं की जमीनदार, नीळवाला गोरा आणि कोर्ट एकाच बाजूला आहेत.

ऑक्टोबर १८३१ मध्ये नारकेलबेरिया गावात बांबू आणि मातीचा किल्ला उभा राहिला. कंपनीचं राज्य संपलं असं जाहीर झालं आणि सारा आता आमच्याकडे भरा, असा हुकूम जमीनदारांना गेला. अडीच रुपयांचा तंटा आता राज्य कुणाचं, इथवर आला होता. गुलाम मासूम सेनापती झाले. बारासातचा मॅजिस्ट्रेट अलेक्झांडर शिपाई घेऊन चालून आला, पण त्याला जीव वाचवून पळावं लागलं.

या लढ्यात चुकाही झाल्या, त्या आम्ही लपवणार नाही. जमीनदाराच्या गावावर चाल करताना भर बाजारात गाय कापली गेली, मंदिराची विटंबना झाली. साथ न देणाऱ्या सधन मुसलमानांनाही त्रास झाला. आपल्या मशिदीचं दुःख खरं होतं, पण त्याचा बदला दुसऱ्याच्या श्रद्धेवर काढणं दीनमध्ये बसत नाही. जुलूम सोसणारे हिंदू शेतकरीही होतेच. अशा कृत्यांनी ते जवळ आले नसते, दूरच गेले असते.

शेवटी गव्हर्नर जनरल बेंटिंकने तोफांसह फौज पाठवली. १९ नोव्हेंबर १८३१ रोजी तोफांपुढे बांबूचा किल्ला कोसळला. तितुमीर लढता लढता शहीद झाले. वय अवघं ४९. सुमारे ३५० लोक पकडले गेले, गुलाम मासूम यांना फाशी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे गुरू सय्यद अहमद बालाकोटला शहीद झाले होते.

१८५७ चा उठाव यानंतर २६ वर्षांनी झाला. मुलांना १८५७ शिकवताना नारकेलबेरियाच्या या शेतकऱ्यांबद्दलही सांगू या. त्यांची हिंमतही सांगू आणि त्यांच्या चुकाही. अल्लाह त्यांची शहादत कबूल करो, आमीन.